पोचा आलेली तलवार

लष्करातले अधिकारी संचलनाला कमरेला लावायचे त्या जुन्या तलवारी मी जमवतो. बिनधारेच्या, नुसत्या दिमाखाच्या. शाळेत शिकवत होतो तेव्हापासूनचा हा नाद. दहिवलीच्या घरात पाच झाल्या होत्या.

पाचवी गेल्या वर्षी कुंभिवलीच्या भंगारवाल्याकडे मिळाली. पोशीरचं एक जुनं घर पाडलं, त्या सामानात ती आली असं तो म्हणाला. महिनाभरात त्या घरचा पुतण्या म्हाताऱ्या काकीला घेऊन माझ्याकडे आला.

"टेंपो भरताना चुकून गेली, गुरुजी. माथेरानच्या एका सायबानं आमच्या पणज्याला दिलेली. आमच्यात नवरदेव तीच हातात धरतो."

मी पाचही तलवारी पलंगावर मांडल्या. भंगारातून आलेली काकींनी धड पाहिलीही नाही. त्यांनी दुसरीच उचलली.

"ही."

"काकी, ती नाय गं. ही बग."

"माज्या लग्नात यांच्या हातून पडली व्हती. मुठीला पोचा हाय, बग."

पोचा होता. मी तो कितीतरी वर्षं पाहत आलो होतो. पण ती तलवार मी पुण्यात एका निवृत्त अधिकाऱ्याच्या घरून घेतली होती, आणि यांची तर गेल्या वर्षापर्यंत भिंतीवर होती. पुतण्या दर दसऱ्याला स्वतः पुसायचा. हे मी काकींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आसंल तसं. पन आमची हीच."

मी भंगारातली पुढे केली, तर म्हणाल्या, "लोकाची वस्तू कशाला नेऊ?"

शेवटी पोचा आलेली तलवार मी त्यांना देऊन टाकली. पायरी उतरताना पुतण्या हळूच म्हणाला, "भिंतीवर कुठली व्हती, आता मलाच सांगता येत नाय."

मी पुण्याला फोन लावला. अधिकारी वारले होते. मुलगा म्हणाला, "बाबांनी ती कुठूनतरी आणली होती. त्यांची स्वतःची नव्हती." कुठून, ते त्याला ठाऊक नव्हतं.

वैशाखात पोशीरहून लग्नाचा फोटो आला. नवरदेवाच्या हातात ती तलवार, शेजारी काकी हसताहेत. बायकोला दाखवला, तर तिने विचारलं, "मग आपल्याकडे राहिली ती कोणाची?"

पावसाळ्याआधी मी पात्यांना तेल लावतो. या वर्षीही लावलं. भंगारातून आलेल्या पाचवीला मात्र सगळ्यात शेवटी. ती आपली म्हणून पुसतोय की दुसऱ्याची जपून ठेवतोय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.