गैरहजर माणसाची वकील

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या मराठी मंडळींना शरयू परांजपे नेमकी कसली वकील आहे, हे आजवर धड सांगता आलेलं नाही. व्हिसाचं काम ती करत नाही, घटस्फोटाचं करत नाही, म्हणजे मंडळींच्या लेखी तिचा उपयोग शून्य. शरयू न सापडणाऱ्या माणसांची वकील आहे. हो, असतं असं काम! एखाद्याने जमिनीचा टॅक्स थकवला, काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, दावा ठोकला आणि गडी बेपत्ता असला, की लिलावाआधी निदान कुणीतरी त्याची बाजू मांडावी म्हणून कोर्टच एक वकील नेमतं. अशील फोन करून डोकं खात नाही, रडत नाही, उशिरा येत नाही. याहून सुखाची वकिली ती काय असणार?

बाकीचे वकील एक पत्र टाकतात, ते परत आलं की कोर्टात हात वर करतात. शरयूला ते जमत नाही. ती मूळची सांगलीची, आणि चौकशा करणं तिच्या अंगातच. गाव कुठलं, मामा कुठले, कुणाच्या लग्नात भेटलो होतो, एवढं विचारलं की माणूस सापडतोच, असा तिचा ठाम विश्वास. अमेरिकन लोकांच्या बाबतीत हे साफ फसतं, तरी बाई ऐकेल तर शपथ.

मार्चमध्ये तिच्याकडे फाइल आली ती जगन्नाथ देवपुजारी यांची. दुसऱ्या एका काउंटीत दीड एकराचा प्लॉट, चार वर्षांचा टॅक्स थकलेला, पत्ता मॉरिसव्हिलचाच, पण एकाही नोटिशीला उत्तर नाही. मंगळवारी सुनावणी होती, आणि अशील सापडला नाही तर प्लॉट लिलावात जाणार होता. "अगं बाई, हे तर आपल्यातलेच!" असं म्हणत शनिवारी सकाळी ती त्या पत्त्यावर जाऊन थडकली.

दार राजेशने उघडलं. हा पुण्याचा, आयटीतला. देवपुजारीकाका रिटायर होऊन नागपूरला परत गेले, तेव्हा त्याने आणि नीनाने हे घर विकत घेतलं होतं. काकांचं नाव निघताच नीना आतूनच म्हणाली, "काकांचं टपाल ना? आहे की, ताई, सगळं जपून ठेवलंय!" राजेशने गॅरेजमधून साडीच्या दुकानाची एक टम्म फुगलेली पिशवी आणून टेबलावर ठेवली.

"एकही पाकीट फोडलेलं नाही हं," तो अभिमानाने म्हणाला. "दुसऱ्याचं टपाल आपण कशाला उघडायचं?"

"मग पाठवलं का नाहीस त्यांना?"

"पाठवणारच होतो, ताई! इंडियाला जाणारं कुणी बघत होतो. प्रसन्न गेला, पण त्याच्या बॅगांचं वजन आधीच वर. सलोनी गेली, तिने बदाम नेले, कागद नको म्हणाली."

शरयूने कपाळावर हात मारला. एका म्हाताऱ्या माणसाची जमीन चालली होती, आणि बदाम मात्र नागपूरला सुखरूप पोचले होते.

नीनाकडून नंबर घेऊन तिने तिथूनच काकांना फोन लावला. "नमस्कार, मी अमेरिकेतून बोलतेय. कोर्टाने मला तुमची वकील म्हणून नेमलंय. तुमच्या टॅक्सचं जरा..."

"डिजिटल अरेस्ट ना?" काका शांतपणे म्हणाले. "करा. मी जेवायला बसतोय." आणि फोन बंद.

दुसऱ्यांदा नीनाने आपल्या फोनवरून लावला, तेव्हा कुठे त्यांना पटलं. मग मात्र ते भडकलेच. "थकबाकी कसली? दर डिसेंबरला मी चेक लिहितो, पाकिटात घालतो आणि तिकडे येणाऱ्याच्या हाती देतो. तुमच्याच घरी तर पोचतात! पुढे पोस्टात टाका म्हणून निरोपही देतो."

राजेशचा चेहरा पडला. निरोप वाटेतच कुठेतरी विरला होता. त्याने पिशवीत हात घालून चार पाकिटं बाहेर काढली. कोपऱ्यात काकांचं नाव, मधोमध काउंटीचा पत्ता, तिकीट एकावरही नाही. "काकांचं नाव दिसलं म्हणून यातच टाकली," तो पुटपुटला. म्हणजे नोटिसा आणि त्यांची उत्तरं चार वर्षं एकाच पिशवीत शेजारी शेजारी पडून होती!

"आणि काका, चेक वटले नाहीत हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळणार कसं? बँकेचा ओटीपी माझ्या जुन्या अमेरिकन नंबरवर जातो. तो नंबर आता कुणाकडे आहे देव जाणे."

शरयूला हसू आवरेना आणि संतापही आवरेना. तेवढ्यात काकांचा आवाज उतरला. "पोरी, प्लॉट जाईल का गं? तीस वर्षं राबलो तिकडे. त्या देशात माझ्या नावावर आता तेवढंच आहे."

"मी जाऊ देणार नाही," ती म्हणाली.

मंगळवारी काउंटीच्या वकिलाने सवयीने सुरुवात केली, "प्रतिवादी गैरहजर..."

"हजर आहे," शरयू म्हणाली.

कोर्टातल्या पडद्यावर नागपूरहून काका होते. कोट, टाय, आणि मागे फ्रीज. पिशवीची हकिगत ऐकताना जज्जबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, अर्थात हसून हसून. लिलाव थांबवला, थकबाकी भरायला तीस दिवस दिले आणि वर अट घातली, पैसे कुणाच्याही हाती पाठवायचे नाहीत. शरयूचा जीव भांड्यात पडला.

बाहेर बाकावर येऊन बसते तोच काकांचा फोन. "पिशवी आहे ना तुझ्याकडे? त्यात अजून काय काय आहे?"

"काही नाही, काका. जाहिराती, कचरा सगळा."

"फोड ना."

तिने फोडायला सुरुवात केली. लायब्ररीचं पत्र, छपराच्या पन्हळी साफ करणाऱ्याचं पत्रक, मग दातांच्या डॉक्टरचं एक कार्ड. तिने मराठी करत वाचलं, "प्रिय जगन्नाथ, बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत. आम्हाला तुमची आठवण येते."

काका म्हणाले, "मला वाटायचं, तीस वर्षं राहून निघालो आणि मागे कुणी नावसुद्धा काढलं नाही. चार वर्षांत एक कागद आला नाही गं."

शरयूचे डोळे भरले, पण अशिलाशी खोटं बोलणं तिला जमत नाही. "काका, हे छापील आहे. सगळ्याच पेशंटना जातं."

"असू दे," काका म्हणाले. "परत वाच."