पऱ्यावरची वरची जागा

पोटावरची पिशवी बदलताना चिकटपट्टीचा औषधी वास आला की मला माहेरचा, पावस गावातला पऱ्या, म्हणजे ओढा आठवतो. आतड्याच्या ऑपरेशननंतर शौचाची ही पिशवी लागली आणि माझा माणसांवरचा विश्वासच उडाला. कुणी नाकाला पदर लावला तरी वाटायचं, माझाच वास आला. दिवाळीनंतर माहेरी गेले, तर वहिनी म्हणाली, "चल गो, पऱ्यावर आंघोळीला जाऊया." घरातली न्हाणी मी वापरू नये म्हणून तर नव्हे? डॉक्टरांनी पाण्यात उतरायला हरकत नाही म्हटलं होतं. पिशवी रिकामी केली, कडांना पट्ट्या लावल्या नि निघाले. आमच्याकडे वाहत्या पाण्यात वरच्या अंगाला आंघोळ आणि खाली कपडे. कुणी सांगायच्या आत मी स्वतःच खाली, कपडे आपटायच्या कातळावर जाऊन बसले. "तिकडं कशाला? वर ये बघू," वहिनी ओरडली. मी वर जाऊन छातीभर पाण्यात बसले, तशी ती उठून माझ्या खालच्या अंगाला गेली. सरकलीच शेवटी लांब, मी मनात म्हटलं. तिनं माझ्या अंगावरून आलेलं पाणी ओंजळीत घेतलं आणि खळखळून चूळ भरली. अजूनही पिशवी बदलताना मी दाराला कडी लावते. माहेरी मात्र लावत नाही.