झेंडूवाल्या काकांची पित्तनलिका

"काय काका, बरं आहे ना?" एवढं विचारलं की काका सदरा वर करून पोटावरचे टाक्यांचे व्रण दाखवत. "पित्ताची थैलीच काढून टाकली, भाऊ. आता मले राग येत नाई." मग हार गुंफता गुंफता काकू म्हणत, "राग काय थैलीत ठेवला होता?" आणि काका चिडत.

अमरावतीत माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या हारफुलांच्या दुकानाला लागून. पोटातल्या घडामोडी प्रत्येकाला सांगणारा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्याकडे काका होते.

ऑपरेशनला काही वर्षं झाली असतील. लघवीच्या तक्रारीसाठी त्यांनी सोनोग्राफी केली आणि रिपोर्ट घेऊन थेट माझ्या दुकानात आले. "साऱ्या पाहुण्यांले पुरतील एवढ्या कॉप्या काढा." मुख्य पित्तनलिका 'डायलेटेड', म्हणजे रुंद झाली आहे, असं त्यात इंग्रजीत लिहिलं होतं. काकांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "यात 'लेट' लिवलं हाये. आपल्याले उशीर झाला, भाऊ."

मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी लग्नाच्या हारांची ऑर्डर घेऊन आलेल्या माणसाला ते म्हणाले, "पुढच्या महिन्याचं दुसरीकडं पाहा." तेव्हा काकूंचा हात सुईवर थांबला. त्या माझ्याकडे आल्या. "भाऊ, तुमी चाला संग. हे डॉक्टरचं आयकतील, पण मले खरं सांगणार नाईत."

डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं, सोनोग्राफी पुन्हा पाहिली. म्हणाले, "पित्ताशय काढल्यावर काही जणांची नळी थोडी रुंद होते. तुमचं रक्त चांगलं आहे, नळीत खडा दिसत नाही, पोट दुखत नाही. काही करायचं नाही. डोळे पिवळे झाले, थंडीताप आला किंवा पोटात दुखलं, तर मात्र लगेच या."

"काहीच करायचं नाई?" काकांचा चेहरा थोडा पडलाच. एवढं मोठं दुखणं हातचं गेलं होतं.

त्यानंतर रोज सकाळी ते माझ्या काउंटरसमोर डोळे ताणून उभे राहत. "पाहा बरं, पिवळे हायेत काय? माह्या दुकानात झेंडूनं सारंच पिवळं दिसते."

आता दोघं अकोल्याला लेकीकडे राहतात. त्यांच्या जागी मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आलं आहे. तिथला माणूस आपल्या पोटाबद्दल अवाक्षर काढत नाही.

मला आठवते ती दवाखान्यातून परतल्यावरची संध्याकाळ. काकांनी खाली बसून स्वतः मोगऱ्याचा गजरा गुंफला आणि काकूंसमोर धरला.

काकूंनी आधी गजऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "काहून? उरला काय?"

"नाई," काका म्हणाले. "ताजा हाये."