माणदेशातला शिकंजा

मला रायफली जमवायचा नाद नाही. एक तर लायसन्स कोण देणार, आणि दिलंच तरी बायको पहिली गोळी कुणावर झाडेल याचा भरवसा नाही. माझा नाद रायफलीच्या लटांबराचा. दस्त्याच्या पोटात बसणारी तेलाची पितळी कुपी, नळी पुसायची दोरी, बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची हत्यारं, असलं सगळं. आमच्या साताऱ्याकडं घरटी एक फौजी. दुसऱ्या महायुद्धातनं परतलेल्या माणसांच्या ट्रंकेत काहीबाही निघतंच. ते घरी कसं आलं हे विचारायचं नसतं. तिकडं सांगलीत कवठे महांकाळला एका घरात तसल्या कुपीत चुना भरलेला होता आणि मालक छातीठोकपणे सांगत होता, ही अत्तरदाणी हाय म्हणून. मी वाद घातला, चहा थंड झाला, कुपी काही मिळाली नाही.

बायकोचं म्हणणं, "तुमच्यापेक्षा भंगारवाला परवडला. तो निदान घेऊन जातो."

तिचं माहेर माण तालुक्यात. तिचे आजोबा मोठ्या लढाईला जाऊन आलेले. सगळे त्यांना आबा म्हणायचे. खंडेनवमीला आम्ही तिथं जातो. त्या दिवशी कोयता, कुऱ्हाड, पाना, पक्कड, सगळ्यांची पूजा. आणि पाटावर मधोमध आबांची वस्तू. चौकटीसारखं जाड लोखंड आणि त्याला आडवा स्क्रू. वर शेंदराचं इतकं जाड पूट की आतला आकार परमेश्वरालाच ठाऊक.

त्या वर्षी गावातली चार माणसं दर्शनाला आली आणि माझ्या मेहुण्याला चेव चढला. "आमच्या आज्यानं जर्मनाची बोटं ह्यात घालून आवळली! कैदी पोपटावानी बोलायचा!"

मी रश्श्याच्या वासाकडं लक्ष लावलं. जावयानं नवमीला तोंड उघडावं ते जेवायलाच. पण बायकोची आत्या, म्हणजे आबांची लेक, पंच्याऐंशीच्या पुढची, तिनं लांबूनच फूल फेकलं आणि तोंड फिरवलं. माणसं गेल्यावर ती माझ्याशेजारी येऊन टेकली.

"जावईबापू, तुमी असलं लोखंड वळखता म्हनं. खरं सांगा. माझ्या बानं ह्यात मानसाची बोटं चिरडली व्हय?"

थट्टा नव्हती ती. म्हातारी आयुष्यभर हा प्रश्न गिळून बसली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. मला मेहुण्याचा भयंकर राग आला.

"शेंदूर काढावा लागेल," मी म्हणालो.

घरात गदारोळ. "आवं दाजी, देवाला खरवडताय?" मेहुणा ओरडला. "काढ म्हंते ना मी!" आत्या त्याच्यावर कडाडली. मी शेंगतेल लावलं, चिंधीनं घासत बसलो. हात लालभडक झाले. शेवटी लोखंड दिसलं, त्यावर इंग्रज सरकारची बाणाची खूण दिसली, आणि मला हसूच फुटलं. हा तर मिस्त्रीचा शिकंजा!

स्क्रू पार मागं घेतला आणि मेहुण्याला म्हणालो, "घाल ह्यात अंगठा."

"आँ?"

"घाल की मर्दा! जर्मनानं घातला, तुला काय झालं?"

त्यानं घालून बघितला. जाईना. करंगळी घातली, नखापाशी अडकली. इतकी वर्षं पूजा केली, पण देवाच्या वस्तूत बोट घालून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बायको तर पदर तोंडात कोंबून हसत होती.

मग मी आत्याला नीट सांगितलं. रायफलीच्या नाकाडावर, म्हणजे नळीच्या टोकाला, नेम धरायची बारकी पाती असते. गोळी डावी-उजवी जायला लागली की हा शिकंजा तिथं बसवायचा आणि स्क्रू फिरवून पाती केसभर सरकवायची. बस्स, एवढंच काम.

"म्हंजी आबा मिस्त्री हुते?"

"मिस्त्रीच. दुसऱ्यांच्या बंदुका सरळ करायचे."

"लढाईच हाय की ती बी," मेहुणा कुरकुरला. खोटं नव्हतं त्याचं. पण आत्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. तिनं ती वस्तू पहिल्यांदाच हातात घेतली, मांडीवर ठेवली, अंगठ्यानं स्क्रू मागंपुढं फिरवून बघितला. मला वाटलं आता हसेल.

"आबा लढाईवरनं आले तवा मी लहान हुते," ती म्हणाली. "थोरल्या भावानं मला हेच बोटं चिरडल्याचं सांगितल्यालं. जत्रंत समद्या पोरी बाचं बोट धरून चालायच्या. आबा हात फुडं करायचे, आन् मी भ्यायची, आईच्या लुगड्यात शिरायची. मंग त्यांनी हात फुडं करायचंच सोडून दिलं. त्यास्नी काय वाटलं आसंल वं? लेक आपल्याला वळखत न्हाई, आसंच वाटलं आसंल."