बसंतीबाईंच्या घागऱ्याचा लाल

घाटंजीची गझाला लग्नाचे फोटो एडिट करते. शीलाच्या लग्नाचा अल्बम छापून आला आणि तिच्या आईचा, बसंतीबाईंचा, चेहरा उतरला. "गझाला, घागरा मी हातानं शिवला. लाल होता, विटकरी कायले दिसून राह्यला?"

गझालानं घागरा मॉनिटरवरच्या फोटोशेजारी धरला. तिथं रंग हुबेहूब जुळत होता. स्क्रीनवर जुळतो आणि छापल्यावर बदलतो, म्हणून तिला मॉनिटरचाच संशय आला. यवतमाळच्या मैत्रिणीकडून रंग मोजायचं यंत्र आणून तिनं ते स्क्रीनला लावलं. स्क्रीन निळसर झाली होती, म्हणून गझाला नकळत प्रत्येक फोटोत पिवळा वाढवत होती. मॉनिटर नीट करून तिनं अख्खा अल्बम पुन्हा केला.

नव्या पानावर बोट फिरवत बसंतीबाई हसल्या, "हा खरा माह्या हातचा!"

आता कळंबचे फोटोग्राफरही मॉनिटर तपासायला गझालालाच बोलावतात.