नाडगिरांच्या मशीनची खंडेनवमी

सुमंत नाडगीर हा खेळणारा माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. धारवाडच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर त्याची पंधरा वर्षं गेली होती. राहायला हुबळीत, उणकलच्या तळ्यामागच्या नव्या वसाहतीत. मूळ कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सत्यप्रत पुढं सरकवायची नाही, ही त्याची ख्याती. लोक वैतागायचे, साहेबही वैतागायचे, पण सुमंत चष्मा वर करून म्हणायचा, "मूळ आणा, मग बघू."

अशा माणसाला २००३ साली धाकट्या बहिणीनं, कवितानं, अमेरिकेहून येताना प्लेस्टेशन आणलं. तिच्या नवऱ्याचं वापरून झालेलं. सोबत मोटारींच्या शर्यतीची एक सीडी होती. सुमंतची मोटार पहिल्याच वळणावर कठड्याला धडकायची आणि तिथंच चाकं फिरवत बसायची. आठवड्याभरात त्यानं ती सीडी कपाटात ठेवून दिली.

मशीन मात्र तो रोज लावायचा. कचेरीतून आल्यावर हातपाय धुऊन, चहा घेऊन, सीडी न घालताच. आधी टीव्ही मिट्ट काळा व्हायचा. मग खोलवर कुठंतरी वारा सुटल्यासारखा आवाज यायचा, निळसर धुकं हलायचं, आणि त्या धुक्यात मनोरे दिसायचे. जितके खेळ खेळून झालेले, तितके ते मनोरे. सोबत आलेल्या मेमरी कार्डावर कविताच्या नवऱ्याचेच खेळ असल्यामुळं मनोऱ्यांना तोटा नव्हता. नंतर अंधारात उजेडाचे गोळे तरंगायला लागायचे आणि दोन ओळी उमटायच्या. एक कार्डात काय आहे ते दाखवणारी, दुसरी तारीख-वेळ वगैरे लावायची. बस, एवढाच तो मेनू. सुमंत त्याच्यासमोर गप्प बसायचा. तिकडं दूर कुणीतरी बसून, निव्वळ मशीन उघडतानाच्या त्या क्षणासाठी, असलं आकाश करून ठेवलंय, याचं त्याला दर वेळी नव्यानं नवल वाटायचं. बायको वेदश्री म्हणायची, "लग्नात मुख्य जेवण सोडून पंगतीची रांगोळी बघत बसणारा माणूस हा."

ते मशीन तिकडच्या एकशे दहा व्होल्टचं. आपली वीज दुपटीहून जास्त. म्हणून मध्ये कन्व्हर्टरचा विटेएवढा जड डबा लावावा लागायचा.

आता गोदूबाईंकडं यायला हवं. गोदूबाई सुमंतच्या आई. वडील, अप्पा, रेल्वेत गार्ड होते, सणाला घरी सापडले तर नशीब. त्यामुळं पुरुषमाणसानं करायची खंडेनवमीची पूजा नाडगिरांकडं चाळीस वर्षं गोदूबाईंनीच केली. विळी, अडकित्ता, अप्पांची शिट्टी, शिवणयंत्र, पुढं स्कूटर, मग कॉम्प्युटर, सगळं पुसून पाटावर किंवा जागच्या जागी मांडायचं आणि प्रत्येकाला हळदकुंकू लावायचं. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी. दसरा उजाडेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्यांच्या हाताला यश आहे असं सगळी आळी मानायची. कुणाची नवी गाडी आली, कुणाच्या बाळाला पाळण्यात घालायचं झालं, की पहिलं बोलावणं गोदूबाईंना.

२००६ च्या खंडेनवमीला त्यांनी प्लेस्टेशनलाही पूजेत घेतलं. वरून कुंकू लावून त्यांचं समाधान होईना. त्यांनी सुमंतला विचारलं, "हे खातं कुठनं?" त्यानं कौतुकानं बटण दाबून सीडीचा कप्पा बाहेर काढून दाखवला. गोदूबाईंनी त्यात हळदकुंकू वाहिलं, चार ओल्या अक्षता ठेवल्या आणि देवाला पडदा करावा तसा तो कप्पा हलकेच आत ढकलला.

संध्याकाळी बाकीचे आरतीत असताना सुमंतला राहवलं नाही. दहाच मिनिटं, म्हणून त्यानं मशीन लावलं. फट् करून आवाज आला, जळका वास सुटला आणि सगळं संपलं.

घर गोळा झालं. कप्पा अर्धवट बाहेर आला होता, त्यात पिवळ्या अक्षता दिसत होत्या. गोदूबाईच म्हणाल्या, "माझ्या हातानं मेलं रे ते." सुमंत म्हणाला, "जाऊ दे गं आई, मशीनच आहे." "तुझ्यामुळं नाही" असं मात्र तो म्हणाला नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी पूजेचं तबक वेदश्रीच्या हाती दिलं. "माझ्या हातातलं यश गेलं बघ," एवढंच म्हणाल्या. आळीतली बोलावणीही त्या गुडघ्यांचं निमित्त सांगून टाळू लागल्या. घराला वाटलं, म्हातारपण.

सुमंतच्या मनातून ते आकाश जात नव्हतं. २००८ च्या पावसाळ्यात त्याला इंटरनेटवर कळलं की साध्या कॉम्प्युटरला प्लेस्टेशनचं सोंग घ्यायला लावणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. अट एकच. मशीनच्या आत एक चिप असते, ते धुकं, तो मेनू सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. तेवढं त्या प्रोग्रॅमला द्यायचं. दुसऱ्या कुणाच्या मशीनमधून काढलेलं ते लिखाण नेटवर फुकट पडलेलं होतं. आपल्या गड्यानं चष्मा वर केला. मूळ कागद घरात असताना परक्याची सत्यप्रत कशाला? आईला दाखवायचं होतं की मशीन मेलेलं नाही. तर मग ते तेच मशीन हवं.

खंडेनवमीला आठ दिवस उरले असताना तो मशीन पिशवीत घालून तारिहाळला मारुतीकडं गेला. मारुती तिथल्या कारखान्यांच्या यंत्रांची कंट्रोल कार्डं दुरुस्त करायचा. चिपमधलं लिखाण वाचून घ्यायचं यंत्र त्याच्याकडं होतं. त्यानं स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आत बघतच राहिला.

"अण्णा, हे अक्षतांनी गेलं म्हणता?"

"होय की. पाणी गेलं ना आत."

"एल्ली पाणी, कुठाय? बघा की. अक्षता कप्प्यात हाईत तशा वाळल्यात. कुंकू खाली उतरलंच न्हाई. जळलंय ते हिकडं, जिथनं करंट येतो तिथं. हे अमेरिकेचं मशीन न्हवं? मधे डबा लावला हुता का त्या दिवशी?"

सुमंतला आता आठवलं. त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी पूजा उचलताना पाटावर कन्व्हर्टर होता. कपाळावर कुंकू, वर शेवंतीचं फूल. तो त्यानं स्वतःच उचलून माळ्यावर टाकला होता. म्हणजे आदल्या संध्याकाळी डबा पूजेत बसलेला होता आणि यानं घाईघाईनं मशीन थेट भिंतीतल्या विजेला जोडलं होतं. हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. कुठंतरी कळलंही असेल. पण दोष आईनं आपणहून पदरात घेतला होता, आणि तो तिथं राहू देणं सोयीचं होतं.

"मशीन उठायचं न्हाई आता," मारुती म्हणाला, "पण ही चिप धड हाय." त्यानं गरम हवेनं ती अलगद सोडवली, वाचली आणि एका सीडीवर उतरवून दिली. सगळं मिळून चारच एमबी. ते आकाश एवढ्याशा जागेत मावतं? सुमंतनं ती सीडी उलटसुलट करून बघितली.

खंडेनवमीच्या सकाळी, हत्यारं पाटावर चढायच्या आधी, त्यानं आईला कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्या मशीनला जे क्षणात जमायचं, ते करताना आपल्या कॉम्प्युटरची छाती फुटत होती. पडदा काळा झाला आणि बराच वेळ काळाच राहिला. मग धुकं आलं, एकेक चित्र थांबत थांबत. वाऱ्याचा आवाज तुटत, अडखळत येत होता. पण तोच होता. जळून कोळसा झालेलं मशीन माळ्यावर पडलंय आणि त्याचा आतला जीव इथं, दुसऱ्याच्या देहात, डोळे उघडतोय.

गोदूबाई पदर तोंडाशी धरून बघत होत्या. "अगंबाई," त्या पुटपुटल्या. "तेच आहे की रे हे! पण इथं मनोरे होते ना?"

"ते कार्डावर होते, आई. इथलं कार्ड कोरं आहे. त्याला वाटतंय, आजच पहिल्यांदा उघडलंय."

उजेडाचे गोळे एकेक करून उमटले. गोदूबाईंचा हात नकळत पडद्याकडं गेला. काचेपासून चार बोटांवर थांबला आणि त्यांनी तो चटका बसल्यासारखा मागं घेतला. "नको बाई. पुन्हा काही व्हायला नको."

सुमंतला ते बघवलं नाही. "आई, तुझ्या हातानं काही झालं नव्हतं," तो म्हणाला. "पूजेतली वस्तू त्याच संध्याकाळी मी चोरून लावली. डबा न लावता. मशीन मी जाळलं. आठ दिवसांपूर्वी तारिहाळला कळलं... आणि खरं सांगायचं तर, त्याच्या आधीही मी नीट आठवून बघितलं नव्हतं."

पडद्यावरचे गोळे तेवढे अडखळत फिरत होते.

"गेल्या वर्षी कविता बाळंतपणाला आली होती," गोदूबाई म्हणाल्या. "बारशाला सगळ्या म्हणत होत्या, आजीनं घाला बाळाला पाळण्यात. मी गुडघे दुखतात म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बसले. सव्वा महिना लेकरू या घरात होतं, सुमंत. मी त्याला एकदाही मांडीवर घेतलं नाही."

सुमंतला हे माहीत नव्हतं. त्याच घरात राहून माहीत नव्हतं. त्यानं मान खाली घातली, आणि मग त्याला रडूच फुटलं, चाळिशीला टेकलेल्या माणसाला.

गोदूबाईंनी त्याच्या डोक्यात एक टपली मारली, चांगली सणसणीत. "मूळ कागद बघितल्याशिवाय सही करत नाही म्हणे!" त्या म्हणाल्या, आणि तो हात त्यांनी त्याच्या केसांवर तसाच राहू दिला.