आईला दम लागायचा

सुमन, रत्नागिरीच्या बंदरात मी बोटीवर चढले, तेव्हा तू आणि बाबा धक्क्यावरून हात हलवत होतात. आई आली नव्हती. परतताना घाटी चढवत नाही म्हणून ती अंगणाच्या दगडी गडग्यापाशीच थांबली. "पोचलीस की कळव," एवढंच म्हणाली, तेही मध्ये श्वास घेऊन.

लालबागला मावशीच्या खोलीत राहून मी परळच्या एका संशोधन संस्थेत लागले. पत्रात तुम्हाला लिहायची, 'औषधं तपासते.' खरं काम असं होतं, की जंत झालेल्या कुत्र्यांना नवं औषध द्यायचं आणि त्यांची विष्ठा चाळणीत धुऊन पडलेले जंत मोजायचे. शेवटी काही कुत्र्यांना बेशुद्ध करून मारायचं आणि आतड्यात किती उरले ते पाहायचं. घरी आल्यावर मी मोरीत कोपरापर्यंत हात घासत बसायची. मावशी काही न विचारता गरम पाणी आणून ठेवायची.

आमच्या डॉक्टरबाई गिरगावच्या, बोलायला मोजक्या. एकदा त्यांनी एका कुत्रीचा ओठ वर करून दाखवला. हिरड्या पांढऱ्याफटक.

"हे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात. माणसाच्या अंगात असलेच जंत शिरतात ते विष्ठा मिसळलेल्या चिखलातून, अनवाणी पायांतून. मग जरा चाललं की धाप लागते. काहींना माती खावीशी वाटते," त्या म्हणाल्या.

मी स्टुलावर बसले. चुलीची माती खाते म्हणून आजी आईला किती बोलायची, आठवतं? आणि आपण दोघी शाळेत ऐटीत सांगायचो, आमची आई गोरी आहे.

तपासून घ्यायला ये म्हणून मी आईला पत्र धाडलं. ती मुंबईला आली, त्या दिवशी मोर्च्यामुळे गिरणगाव बंद होतं. ट्राम नाही, बस नाही. भाऊच्या धक्क्यापासून लालबागपर्यंत ती आणि काका चालत आले, प्रत्येक नाक्यावर पायरी शोधून बसत. तपासणीत जे निघायचं तेच निघालं. इस्पितळात तिच्या हातात औषधाचा पेला दिला.

"तू कुत्र्यांना देतेस तेच का गो हे?"

"नाही. हे जुनं आहे. आधीच्या कुत्र्यांवर तपासलेलं."

"ती जगली?"

मी खोटं बोलू शकले असते. "काही जगली. काहींना मारावं लागलं, पोटात बघायला."

आई म्हणाली, "तर मग सांडूक नको." आणि दोन्ही हातांनी पेला धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

पुढे कित्येक महिने तिने लोहाच्या गोळ्या घेतल्या. महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळी ती आम्हाला रोषणाई बघायला घेऊन गेली. लालबागपासून दादरपर्यंत पुढे ती, आणि मागून "आई, जरा थांब," म्हणणारी मी. गावी परतल्यावर तिने परसात संडास खणून घेतला. त्यावरून वाडी किती हसली, ते तू जवळून पाहिलंस.

आता मी माटुंग्याला राहते, आणि तू विचारतेस, घरची आठवण येते का. येते, सुमे. पण तिथंच राहिले असते, तर आईकडे रोज बघूनही मला ती दिसली नसती. म्हणून घर म्हटलं की मला आता गावही आठवतं आणि परळची ती कुत्रीही, जिच्या तोंडात मी आपल्या आईला पहिल्यांदा ओळखलं.